जमिनीखालचं दूषित पाणी कुठे चाललंय? कॉम्प्युटरला हे शिकवणारा १९व्या शतकातला इंजिनिअर : हेन्री डार्सी

एखाद्या कारखान्याच्या आवारातली जमिनीखालची टाकी गळायला लागते. कुठे कचरा डेपोच्या तळातून काळं पाणी झिरपत राहतं. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. माती कोरडी, गवत हिरवं, सगळं नेहमीसारखं. पण खाली भूजलात मिसळलेलं रसायन हळूहळू एका दिशेने निघालेलं असतं. ते गावातल्या विहिरीपर्यंत पोचणार का? पोचणार असेल तर पाच वर्षांनी की पन्नास?

आज हा प्रश्न कॉम्प्युटरला विचारतात. स्क्रीनवर परिसराचा नकाशा येतो आणि त्यावर लाल-पिवळा लांबट डाग वर्षागणिक पुढे सरकत जातो. या डागाला तज्ज्ञ मंडळी प्लूम म्हणतात. व्हिडिओ बघताना वाटतं, काय भारी सॉफ्टवेअर असेल! मलाही तसंच वाटायचं. पण आत डोकावून पाहिलं तर या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी एक साधं प्रमाण निघालं, शाळेतल्या त्रैराशिकाइतकं सोपं. आणि ते शोधणारा माणूस १८५८ मध्येच वारला होता. त्याचं नाव हेन्री डार्सी. आज त्याचीच गोष्ट सांगतोय, कारण ती कळली की हे मॉडेल कधी खरं मानायचं आणि कधी नाही, हेही आपोआप कळतं.

घाण पाण्याच्या शहरातला मुलगा

डार्सीचा जन्म १० जून १८०३ चा, फ्रान्समधल्या दिजों शहरातला. हे शहर जुनं आणि श्रीमंत. एकेकाळी बरगंडीच्या ड्यूक लोकांची राजधानी, नंतर मोहरीच्या चटणीसाठी जगभर माहीत झालेलं. पण पाण्याच्या बाबतीत त्याची अवस्था वाईट होती. लोक उथळ विहिरींचं पाणी प्यायचे आणि त्या विहिरींमध्ये आजूबाजूची घाण झिरपायची. गावातून वाहणाऱ्या स्युझों ओढ्याचं तर उघडं गटार झालं होतं. थोडक्यात, जमिनीवरची घाण जमिनीतून विहिरीत कशी जाते, याचं प्रात्यक्षिक हा मुलगा लहानपणापासून रोज बघत होता.

हेन्री १४ वर्षांचा असताना वडील गेले. आईने हिंमत सोडली नाही. हेन्री आणि त्याचा धाकटा भाऊ शिकलेच पाहिजेत, म्हणून तिने कर्ज काढून शिकवण्या लावल्या. त्याचं चीज झालं. १८२१ मध्ये हेन्रीला पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे आयआयटीचं जे वजन आहे, तसंच तिकडे या कॉलेजचं. तिथून दोन वर्षांनी तो पूल आणि रस्ते बांधणाऱ्या सरकारी इंजिनिअरांच्या कॉलेजात गेला. शिक्षण संपल्यावर त्या खात्यात नोकरी लागली आणि थोड्याच काळात तो आपल्या गावी, दिजोंमध्ये, रुजू झाला. १८२८ मध्ये त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव हेन्रिएट कॅरी, ती मूळची इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरची. त्यांना मूलबाळ झालं नाही.

बोअर मारली, पण पाणी पुरेना

त्याच सुमारास दिजोंच्या नगरपालिकेने पाण्यासाठी बोअर मारायचं ठरवलं. सेंट मिशेल चौकात सुमारे १५० मीटर खोल भोक पाडलं. पाणी लागलं, आपोआप वरही चढलं, पण शहराची तहान भागेल इतकं काही ते नव्हतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव जे होतं, तेच.

डार्सीने या फसलेल्या बोअरकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पाण्याची पातळी किती खाली नेली की किती पाणी मिळतं, याच्या नोंदी त्याला महत्त्वाच्या वाटल्या. अशा विहिरींच्या आकड्यांमध्ये त्याला एक गंमत दिसली. पातळीतला फरक दुप्पट झाला की पाणीही साधारण दुप्पट येत होतं. नळांमध्ये असं होत नाही. नळातून दुप्पट पाणी हवं तर दाब दुपटीपेक्षा बराच जास्त लागतो, कारण वेगाने धावणारं पाणी घुसळतं आणि त्यात ताकद वाया जाते. मग जमिनीत वेगळा नियम आहे का? हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला. उत्तर मिळायला मात्र खूप वर्षं जायची होती. आधी गावाला पाणी द्यायचं होतं.

१२ किलोमीटरचा बोगदा आणि पंप एकही नाही

बोअरचा नाद सोडून डार्सी डोंगराकडे वळला. शहराच्या वायव्येला दरीमध्ये रोझ्वार नावाचा झरा होता. पाणी स्वच्छ आणि भरपूर. झरा शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने स्वतःच येऊ शकलं असतं. १८३४ मध्ये त्याने सविस्तर अहवाल दिला. मंजुऱ्या, जमिनी, कागदपत्रं यांत काही वर्षं गेली आणि मार्च १८३९ मध्ये काम सुरू झालं.

सप्टेंबर १८४० मध्ये पाणी शहराच्या वेशीवर आलं. म्हणजे जेमतेम दीड वर्षात. सुमारे १२.७ किलोमीटर लांबीचा, वरून झाकलेला पाण्याचा बांधीव मार्ग, शेवटी बंदिस्त टाकी आणि तिथून पुढे शहरभर जमिनीखालचे नळ. १८४४ पर्यंत हे नळ २८ किलोमीटरपर्यंत पोचले. संपूर्ण व्यवस्थेत पंप एकही नव्हता, सगळं गुरुत्वाकर्षणावर.

रस्त्यांवर साधारण दर १०० मीटरवर सार्वजनिक नळ बसवले. कुणालाही लांबून पाणी वाहून आणावं लागू नये, असा त्यामागचा विचार होता आणि या नळांचं पाणी फुकट होतं. त्या काळात पॅरिससारख्या राजधानीलाही अशी सोय मिळायला पुढे बरीच वर्षं लागली.

या कामाबद्दल डार्सीला मोठं मानधन मिळणार होतं. त्याने ते घेतलं नाही. गावाने दिलेलं सुवर्णपदक आणि हयातभर घरी फुकट पाणी, एवढंच त्याने स्वीकारलं. मला या माणसाची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. पुढे ज्याचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात छापलं गेलं, तो मुळात गावाला पाणी देणारा सरकारी इंजिनिअर होता.

गावातून बदली

पाण्यानंतर रेल्वे. पॅरिस ते लियोंचा लोहमार्ग दिजोंवरूनच जावा यासाठी डार्सीने जोर लावला. मध्ये डोंगर होता, त्यातून ब्लेझीचा चार किलोमीटर लांबीचा बोगदा काढावा लागणार होता. तेव्हा हे धाडसच होतं. बोगदा झाला, रेल्वे आली.

आणि मग १८४८ ची क्रांती झाली. फ्रान्समध्ये राजा गेला, नवं सरकार आलं आणि जुन्या वजनदार माणसांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. आपल्या गावासाठी एवढं केलेल्या डार्सीला दिजोंमधून हलवून लांब बूर्ज शहरात पाठवलं. काही काळाने तो पॅरिसला गेला आणि तिथल्या पाणी व रस्ते विभागाचा प्रमुख झाला.

पॅरिसमध्ये त्याने नळांवर प्रचंड प्रयोग केले. वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या धातूंचे, नवे, जुने, गंजलेले असे सगळे नळ घेतले आणि कशातून किती पाणी जातं ते मोजलं. जुन्या नळाच्या खडबडीत आतल्या बाजूने प्रवाह बराच मंदावतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. आणखी एक गोष्ट हाती लागली. नळ अगदी बारीक असेल आणि पाणी अगदी सावकाश जात असेल, तर तिथेही दाब दुप्पट केल्यावर पाणी दुप्पटच होतं. बोअरच्या आकड्यांमध्ये दिसलेली तीच गंमत! मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे तरी काय, अतिशय बारीक आणि वाकड्यातिकड्या नळ्याच की.

हॉस्पिटलच्या आवारातली वाळूची नळी

एवढ्यात तब्येतीने दगा दिला. काम झेपेना. १८५५ मध्ये त्याने जबाबदाऱ्यांतून मोकळीक मागून घेतली आणि तो दिजोंला परतला. पन्नाशी ओलांडलेला, थकलेला माणूस. पण डोक्यातला जुना प्रश्न अजून तिथेच होता. शिवाय आता त्याला दिजोंच्या पाणीयोजनेवर मोठं पुस्तक लिहायचं होतं. त्यात पाणी गाळायच्या वाळूच्या थरांबद्दलही सांगायचं होतं. किती जाडीच्या वाळूतून किती पाणी निघेल, याचं खात्रीचं गणित कुणाकडेच नव्हतं.

मग २९ आणि ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ या तीन दिवशी दिजोंच्या हॉस्पिटलच्या आवारात प्रयोग झाले. सोबत शार्ल रिटर नावाचा इंजिनिअर होता. सामान अगदी साधं. माणसापेक्षा उंच अशी लोखंडी नळी, आतून ३५ सेंटीमीटर रुंद, उभी केलेली. आत जाळीवर सोन नदीची वाळू. वरून हॉस्पिटलच्या नळाचं पाणी सोडायचं, खालून बाहेर आलेलं मोजायचं. वर आणि खाली दाब मोजायला पाऱ्याच्या नळ्या.

यात एक अडचण आली आणि ती ऐकून मला हसू आलं. हॉस्पिटलमध्ये कुणी नळ उघडला किंवा बंद केला, की इकडे पारा वरखाली नाचायचा. ज्या नळयोजनेमुळे प्रयोग शक्य झाला, तीच रीडिंग बिघडवत होती. डार्सी आणि रिटर यांनी पारा किती हलतोय याकडे लक्ष ठेवत आकडे टिपले. वाळूचा थर आधी सुमारे ५८ सेंटीमीटर, मग वाढवत वाढवत १ मीटर ७१ सेंटीमीटरपर्यंत नेला.

फेब्रुवारी १८५६ मध्ये रिटरने पुन्हा प्रयोग केले. या वेळी खालच्या टोकाचा दाबही कमीजास्त करून पाहिला. उत्तर तेच आलं. वर किती दाब आहे किंवा खाली किती आहे, हे एकेकटं महत्त्वाचं नाही, दोन टोकांमधला फरक महत्त्वाचा.

१८५६ मध्ये दिजोंच्या सार्वजनिक कारंज्यांवरचा त्याचा ग्रंथ आला, ६४७ पानांचा. त्यात पाणीयोजनेचा सगळा तपशील आहे. आणि जगाला पुढे जे हवं होतं, ते मात्र मागच्या एका परिशिष्टात, काही पानांत उरकलेलं.

डार्सीचा नियम, सोप्या भाषेत

वाळूतून किती पाणी जाईल, हे चार गोष्टींवर ठरतं.

पहिली, दोन टोकांमधला पाण्याच्या पातळीचा फरक. तो दुप्पट केला की पाणी दुप्पट.

दुसरी, वाळूतला रस्ता किती लांब आहे. लांबी दुप्पट केली की पाणी निम्मं.

तिसरी, नळी किती रुंद आहे. तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट, तर पाणी दुप्पट.

चौथी म्हणजे त्या वाळूचा स्वतःचा स्वभाव. जाडी वाळू असेल तर पाणी धो-धो जातं, चिकण माती असेल तर थेंबाथेंबाने. हा स्वभाव एका आकड्यात मांडतात. आपण त्याला पाणी वाहू देण्याचा आकडा म्हणू. तो डोकं चालवून काढता येत नाही, ती माती घेऊन किंवा त्या विहिरीवर जाऊन मोजावाच लागतो. खडीचा आकडा चिकण मातीच्या कोट्यवधी पट असू शकतो.

बस, एवढंच. उष्णता धातूतून कशी जाते आणि वीज तारेतून कशी जाते, याचे नियमही असेच आहेत. फरक जास्त तर प्रवाह जास्त, अंतर जास्त तर प्रवाह कमी.

त्याच्यानंतर

३ जानेवारी १८५८ ला पॅरिसच्या दौऱ्यावर असताना न्यूमोनियाने डार्सी गेला. वय ५४. आदल्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य म्हणून निवडलं होतं. त्याचं पार्थिव दिजोंला आणलं. गावाने पाण्याच्या टाकीजवळच्या चौकाला त्याचं नाव दिलं. पुढे १८८० मध्ये त्याच टाकीवर बाग झाली, तिचंही नाव डार्सी बाग. आजही दिजोंला जाणारी मंडळी त्या बागेत पांढऱ्या अस्वलाच्या पुतळ्यासोबत फोटो काढतात. आपल्या पायाखाली पाण्याची टाकी आहे, हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल, देव जाणे. दगडामातीतून द्रव किती सहज जातो, हे मोजायच्या एका एककालाही डार्सी म्हणतात. तेलविहिरींचे इंजिनिअर हा शब्द रोज वापरतात.

नियम मात्र वाढत गेला. १८६३ मध्ये ज्यूल द्युपुईने तो विहिरींना लावला. १९३५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स थाईसने पंप चालू केल्यावर विहिरीभोवतीची पातळी दिवसागणिक कशी खाली जाते, याचं गणित मांडलं. पण खरी जमीन म्हणजे एकसारख्या वाळूची नळी नव्हे. इथे मुरूम, तिथे चिकण माती, मध्येच नदी, पलीकडे पंप. हे सगळं एकत्र कागदावर सोडवणं अशक्य. इथे कॉम्प्युटर आला.

मॉडेल आत काय करतं? फोनवर करून बघा

१९८४ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने मॉडफ्लो नावाचा प्रोग्राम काढला. आजही भूजलाच्या मॉडेलसाठी तो जगभर वापरतात. तो फुकट आहे, तुम्हीही डाउनलोड करू शकता. तो करतो काय? जमिनीचे ठोकळे पाडतो. हजारो, कधी लाखो. प्रत्येक ठोकळा म्हणजे डार्सीची एक छोटी वाळूची नळी समजा. प्रत्येक ठोकळ्यात शेजाऱ्याकडून किती पाणी आलं आणि किती गेलं, हे डार्सीच्या नियमाने मोजतो. सगळ्यांचा हिशेब जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच.

मी हे फोनमधल्या स्प्रेडशीटवर करून पाहिलं, तुम्हीही पाहा. एका ओळीत पाच चौकोन घ्या. पहिल्यात २० लिहा, ही टेकडीकडची पाण्याची पातळी, मीटरमध्ये. शेवटच्यात १०, ही नदी. मधल्या तिघांत सध्या १० च भरा. आता डावीकडून सुरुवात करून मधल्या प्रत्येक चौकोनात त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी लिहा. पहिल्या फेरीत मधले आकडे होतात १५, १२.५ आणि ११.२५. दुसऱ्या फेरीत १६.२५, १३.७५ आणि ११.८७५. अशा फेऱ्या करत राहिलात की आकडे १७.५, १५ आणि १२.५ वर येऊन स्थिरावतात. म्हणजे टेकडीपासून नदीपर्यंत एकसारखा उतार. अभिनंदन, तुम्ही भूजलाचं मॉडेल चालवलंत! मोठं सॉफ्टवेअर हेच करतं, फक्त ठोकळे तिन्ही दिशांना असतात आणि प्रत्येकाचा मातीचा स्वभाव वेगळा असतो.

आता त्यात रसायन टाका

पाणी कुठे चाललंय हे कळलं की रसायनाचा हिशेब सुरू होतो. त्यासाठी मॉडफ्लोच्या जोडीने चालणारे वेगळे प्रोग्राम आहेत. त्यात चार गोष्टी बघतात. रसायन पाण्यासोबत वाहतं. वाटेत कणांच्या फटींतून फाटे फुटल्यामुळे ते पसरतं आणि पातळ होतं. काही रसायनं मातीच्या कणांना चिकटतात, म्हणून पाण्यापेक्षा मागे रेंगाळतात. आणि काही वाटेतच जिवाणूंमुळे किंवा आपोआप तुटतात. यात एक धोकाही आहे. तुटून तयार झालेला पदार्थ कधी कधी मूळ रसायनापेक्षा जास्त विषारी असतो.

वेग किती असतो? एक हिशेब करू. समजा वाळूचा पाणी वाहू देण्याचा आकडा दिवसाला १० मीटर आहे. पातळीचा उतार १००० मीटरला १ मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.०१ मीटर. पण पाणी फक्त कणांमधल्या फटींतून जातं आणि फटी साधारण पाव हिस्सा असतात, म्हणून ०.२५ ने भागायचं. उत्तर दिवसाला ०.०४ मीटर, म्हणजे ४ सेंटीमीटर. वर्षाला साधारण १५ मीटर. गळणाऱ्या टाकीपासून विहीर ५०० मीटरवर असेल, तर पाण्याला तिथे पोचायला सुमारे ३४ वर्षं.

आता फक्त एक आकडा बदला. वाळू जाडी निघाली आणि १० च्या जागी १०० आला, तर ३४ वर्षांऐवजी साडेतीन वर्षांपेक्षाही कमी! सॉफ्टवेअर तेच, नकाशा तेवढाच सुंदर, पण एकात गावाकडे उपाय करायला एक पिढी आहे आणि दुसऱ्यात शाळकरी पोरगं दहावीला जायच्या आत विहीर खराब. कोणतं खरं, हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. तिथे जाऊन मोजणारा माणूसच सांगू शकतो.

हे गणित माणसांच्या आयुष्याला कसं भिडतं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅम्प लेजून नावाचा मरीन सैनिकांचा तळ आहे. तिथल्या टॅरावा टेरेस या वसाहतीत सैनिकांची कुटुंबं राहायची आणि विहिरींचं पाणी प्यायची. जवळच कपड्यांचं ड्रायक्लीनिंग करणारं एक दुकान होतं. तिथलं द्रावण जमिनीत मुरलं आणि विहिरींकडे सरकलं. १९८० च्या दशकात पाणी तपासल्यावर हे उघड झालं. दूषित विहिरी १९८५ मध्ये बंद केल्या. पण प्रश्न उरला. त्याआधीची तीस वर्षं लोक काय पीत होते? त्या काळात कुणी मोजलंच नव्हतं.

तेव्हा सरकारी आरोग्य संस्थेने मॉडेल उलट्या कामाला लावलं, म्हणजे भविष्याऐवजी भूतकाळ शोधायला. मॉडफ्लो आणि त्याच्या जोडीचा प्रोग्राम वापरून महिन्या-महिन्याचं पाणी पुन्हा उभं केलं. मॉडेलप्रमाणे नोव्हेंबर १९५७ पासून फेब्रुवारी १९८७ पर्यंतच्या काळात ३४६ महिने त्या वसाहतीला जाणारं पाणी आजच्या सुरक्षित मर्यादेच्या वर होतं. आपल्या बाळाच्या आजारामागे हे पाणी होतं का, हे विचारणाऱ्या आईवडिलांसाठी हा आकडा नुसता आकडा नव्हता. २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि या लोकांना न्यायालयात भरपाई मागता आली.

पण दुसरी बाजूही सांगतो. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने अशा मॉडेलच्या नेमकेपणावर शंका घेतली. इतक्या कमी मोजमापांवरून महिन्या-महिन्याचा आकडा किती ठामपणे सांगायचा, हा वाद खराच आहे. मॉडेल होतं म्हणून काहीतरी कळलं. मोजमापं असती, तर वादच उरला नसता.

आपल्या कातळाचं काय?

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. पाणी इथे वाळूच्या कणांमध्ये नाही, तर वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये असतं. म्हणून एका विहिरीला पाणी धो-धो आणि शेजारच्या बोअरला ठणठणाट, हे आपण नेहमी बघतो. डार्सीने नियम काढला तो वाळूवर. मुरमाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण एखाद्या रुंद भेगेतून पाणी सुसाट जात असेल, तर तिथे तो तसाच्या तसा चालत नाही. बाहेरच्या देशातलं मॉडेल उचलून, तिथलेच आकडे ठेवून आपल्या तालुक्यावर लावलं, तर नकाशा येईल, पण तो आपल्या जमिनीचा नसेल.

म्हणून मित्रांनो, कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात किंवा बातमीत प्रदूषण किती वर्षांत कुठे जाईल याचा रंगीत नकाशा दिसला, तर तीन प्रश्न विचारा. मातीचा किंवा खडकाचा पाणी वाहू देण्याचा आकडा याच जागेवर मोजलाय, की पुस्तकातून घेतलाय? विहिरींची पातळी किती ठिकाणी आणि पावसाळा-उन्हाळा दोन्हीत पाहिलीय का? आणि मॉडेलने सांगितलेले आकडे खऱ्या विहिरीतल्या पाण्याच्या तपासणीशी जुळवून पाहिलेत का? यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. गावातली कुणीही मुलगी ग्रामसभेत उठून हे विचारू शकते.

डार्सीकडे कॉम्प्युटर नव्हता. एक नळी, नदीची वाळू आणि नाचणारा पारा होता, आणि आकडा मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय होती. आपल्याकडे आज नळी सोडून बाकी सगळं आहे. खिशातल्या फोनवर त्याचं गणित क्षणात होतं. मोजायला मात्र अजूनही विहिरीपाशीच जावं लागतं.